ऑटोमॅटिक पिकअपचा गिअर घट्ट करायचाय? आधी तेलाचं तापमान बघा

मराठवाड्यात ऑटोमॅटिक पिकअप म्हटलं की दोन गाड्या डोळ्यांसमोर येतात: इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स. व्ही-क्रॉस भारतात ऑटोमॅटिकमध्ये २०१९ साली मिळू लागली, हायलक्स २०२२ साली आली. दोन्हींत आयसिन घराण्याचा सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनाची ताकद तेलातून पुढे नेणारा भाग) गिअरबॉक्स आहे. चौथा गिअर थेट (इंजिनाइतकेच फेरे), पाचवा आणि सहावा ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा जास्त फेरे). शेतातली कच्ची वाट, साइटवरचा माल, मागे भरलेली पाण्याची टाकी असं काम करत गाडी लाखाच्या पुढे गेली की मालक विचारतो, "गिअर ढिला पडतोय, किट टाकून घट्ट करून घेऊ का?"

त्यावर बाजारात तीन उपाय विकले जातात. पहिला व्हॉल्व्ह बॉडीचं किट किंवा तयार सुधारलेली व्हॉल्व्ह बॉडी; व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे तेल कुठल्या क्लचकडे पाठवायचं ते ठरवणारा व्हॉल्व्हांचा ठोकळा. दुसरा वेगळा ऑइल कूलर. तिसरा वायरिंगमध्ये बसवायचा, तेलाचा दाब वाढवणारा छोटा डबा. हे परीक्षण या तिन्हींचं आहे आणि निकाल आधीच सांगतो. कूलर आणि ताजं तेल: डोळे झाकून घ्या. व्हॉल्व्ह बॉडीच्या बोअरची (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या भोकाची) दुरुस्ती: तपासणीत गळती दिसली तरच, पण मग मनापासून करा. नुसत्या स्प्रिंगा बदलून भोकं मोठी करायचं किट: या सहा गिअरच्या गिअरबॉक्सला जवळजवळ निरुपयोगी. दाब वाढवणारा डबा: लावूच नका.

आता कारणं. ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलतो म्हणजे आत एक क्लच सुटतो आणि दुसरा पकडतो. क्लच म्हणजे तेलात बुडालेल्या प्लेटांचा गठ्ठा. त्याला पिस्टन दाबतो आणि पिस्टनला तेल ढकलतं. ही अदलाबदल अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकायला हवी. तेलाचा दाब कमी पडला किंवा उशिरा पोचला तर प्लेटा एकमेकींवर घासत राहतात, इंजिनाचा आवाज क्षणभर वर जातो, काटा दोन-तीनशे आरपीएमने उडतो आणि मग गाडी ओढ घेते. ड्रायव्हर म्हणतो, "गिअर घसरतोय." त्या क्षणभराच्या घासण्यात प्लेटांचं अस्तर जळतं. घट्ट शिफ्टचा, म्हणजे घट्ट गिअर-बदलाचा, खरा फायदा तो हाच. झटका म्हणजे घट्टपणा नव्हे. झटका बसूनही प्लेटा घासत असू शकतात, आणि प्लेटा अजिबात न घासता शिफ्ट मऊ असू शकते.

शिफ्ट किट हे नाव अमेरिकेतल्या ट्रान्सगो कंपनीचं नोंदणीकृत नाव आहे. ते इतकं रुळलं की आता सगळ्याच अशा किटना लोक तेच म्हणतात. ही किटं जुन्या अमेरिकन ट्रकांच्या गिअरबॉक्ससाठी वाढली. जनरल मोटर्सचा ४एल६०-ई हा त्यातला प्रसिद्ध नमुना. तिथे कारखान्याने शिफ्ट मुद्दाम मऊ ठेवली होती, म्हणून किट काय करतं? दाब वाढवणारा बूस्ट व्हॉल्व्ह मोठ्या व्यासाचा बसवतं, ॲक्युम्युलेटरच्या स्प्रिंगा कडक करतं, सेपरेटर प्लेटची (व्हॉल्व्ह बॉडीच्या भागांमधला भोकांचा पत्रा) ठरावीक भोकं मोठी करतं. ॲक्युम्युलेटर म्हणजे दाबाचा धक्का गिळणारी उशी. उशी कडक झाली की क्लच लवकर भरतो. त्या गिअरबॉक्समध्ये हे काम चोख होतं आणि निकाल वर्षानुवर्षे टिकतो.

भोकाचा हिशेब मात्र फसवा असतो. दीड मिलिमीटरचं भोक दोनचं केलं तर व्यास फक्त अर्ध्या मिलिमीटरने वाढतो, पण तेलाची वाट सुमारे ७८ टक्क्यांनी मोठी होते. म्हणून किटसोबत आलेलाच ड्रिल बिट वापरायचा, आधी त्याची दांडी व्हर्निअरने मोजायची. "जवळपासचा" बिट चालत नाही. भोक एकदा मोठं झालं की प्लेट बदलल्याशिवाय मागे जाता येत नाही.

आपल्या सहा गिअरच्या गिअरबॉक्सचा प्रश्न वेगळा आहे. यात संगणक प्रत्येक शिफ्टला लागलेला वेळ मोजतो आणि पुढच्या वेळी सोलेनॉइडचा (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) प्रवाह बदलून दाब जुळवून घेतो. याला ॲडॅप्टेशन म्हणतात. तुम्ही कडक स्प्रिंग टाकून शिफ्ट घाईची केली, की संगणकाला वाटतं दाब जास्त झाला, आणि तो हळूहळू कमी करतो. पहिल्या आठवड्यात गाडी कडक वाटते, दोन महिन्यांनी पुन्हा पहिल्यासारखी. मालकाला वाटतं किट नकली होतं. किट खरं असतं, फक्त जागा चुकलेली असते. त्याहून वाईट म्हणजे संगणकाची जुळवून घेण्याची मर्यादा अशा वेळी एका टोकाला जाऊन बसते आणि पुढे खरी झीज झाली तर सावरायला जागा उरत नाही.

मग या गिअरबॉक्समध्ये शिफ्ट ढिली होते कशाने? बहुतेक वेळा गळतीने. व्हॉल्व्ह बॉडी ॲल्युमिनियमची, तिच्या बोअरला ॲनोडाइझचा कठीण थर असतो आणि त्यात लहान व्हॉल्व्ह सतत पुढेमागे थरथरत असतात, कारण सोलेनॉइड दाबाचं नियमन अखंड करत असतो. तेलात बारीक चुरा फिरत असेल तर तोच पॉलिश पेपरसारखं काम करतो. थर गेला की बोअर अंडाकृती होतो आणि तेल व्हॉल्व्हच्या बाजूने निसटतं. दाब नियामकाचा बोअर आणि कन्व्हर्टर लॉक-अपचा (कन्व्हर्टरला इंजिनाशी थेट जखडणारा क्लच) बोअर सगळ्यात आधी जातात. लॉक-अप गळायला लागला की साठ ते ऐंशीच्या वेगात, हलक्या पायावर, रस्त्यावरच्या रंबल पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येते. टायर बॅलन्सिंग दोनदा करूनही ती जात नाही, तेव्हा इकडे बघायचं.

अशा गळतीवर स्प्रिंग कडक करणं म्हणजे फुटलेल्या पाइपाला मोठी मोटर लावणं. उपाय बोअर दुरुस्तीचाच. अमेरिकेतली सोनॅक्स ही कंपनी याच कामासाठी नावाजलेली आहे: थोड्या मोठ्या व्यासाचे व्हॉल्व्ह, बोअर नेमका वाढवायचे रीमर आणि जिग (रीमर सरळ धरणारा साचा), आणि रीमिंग न करता बसणारे ओ-रिंगवाले एंड प्लग. ऑस्ट्रेलियात याच पिकअपच्या मागे कॅराव्हॅन लावून हजारो किलोमीटर जातात, त्यामुळे या गिअरबॉक्सच्या तयार सुधारलेल्या व्हॉल्व्ह बॉडी तिकडून येतात. मागवण्याआधी आपल्या गिअरबॉक्सचा मॉडेल नंबर त्याच्या पट्टीवरून लिहून घ्या. गाडीचं नाव सांगून मागवू नका. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत सोलेनॉइडची संख्या आणि सॉकेट वेगळे असू शकतात, आणि मालवाहतूक, कस्टम भरून आलेला चुकीचा भाग परत पाठवणं जवळपास अशक्य असतं.

पण या सगळ्याच्या आधी तापमान. मराठवाड्यासाठी हाच मुद्दा पहिला आहे, कारण बोअर झिजतो, सील कडक होतात, प्लेटा जळतात, या तिन्हींची सुरुवात गरम तेलात होते. ऑटोमॅटिकच्या तेलाचा जुना ठोकताळा असा: ८० अंशांच्या आसपास चालणारं तेल भरपूर टिकतं, आणि त्यापुढे दर ११ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ९१ ला निम्मं, १०२ ला पाव, ११३ ला आठवा हिस्सा, १२४ ला सोळावा. १२० च्या पुढे तेलाचा राळेसारखा थर व्हॉल्व्हवर बसायला लागतो आणि व्हॉल्व्ह चिकटतो. मे महिन्यात बाहेरच ४२ अंश असतात, तेव्हा रेडिएटरच्या हातात सुरुवातीलाच थोडीच जागा उरलेली असते.

तेल तापतं कुठे, हे नीट समजून घ्या. समृद्धी महामार्गावर एका वेगाने चाललेली गाडी गिअरबॉक्सला त्रास देत नाही. कन्व्हर्टर लॉक झालेला असतो, आत घसरण शून्य, तेल थंड राहतं. त्रास होतो तो बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना किंवा चाळीसगावकडून कन्नडचा औट्रम घाट चढताना, पुढे हळू चढणारी गाडी, वेग वीस-तीस, मागे माल. त्या वेगात लॉक-अप सुटलेला असतो, कन्व्हर्टर सतत तेल घुसळतो आणि इंजिनाची बरीच ताकद उष्णतेत जाते. हायलक्सचं इंजिन ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर देतं, व्ही-क्रॉसचं बीएस-६ इंजिन ३६०. इतकी ओढ घसरणीत गेली तर पाच मिनिटांत तेलाचं तापमान चढतं. पाचशे लिटरची टाकी भरून शेताच्या चढावर नेणं हेही त्याच जातीचं काम आहे. ते पाणी अर्ध्या टनाचं असतं हे विसरता कामा नये. अशा वेळी ड्रायव्हरने मॅन्युअल मोडमध्ये वरचे दोन गिअर बंद करून चौथ्यात किंवा खाली राहावं. गाडीचं पाचव्या-सहाव्यात ये-जा करणं थांबतं. फुकटातला हा सगळ्यात मोठा उपाय आहे.

तापमान अंदाजाने ठरवू नका. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाला बाहेरचं यंत्र जोडायची जागा) लावायचा ब्लूटूथ डोंगल आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान वाचणारं ॲप एवढं पुरतं. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनाच्या पाण्याचा आहे, गिअरबॉक्सचा नाही. आठ दिवस नेहमीच्या कामात आकडे लिहून ठेवा. घाटात ११० च्या पुढे जात असेल तर किटचा विचार बाजूला ठेवून कूलर घ्या.

कंपनीचा कूलर सहसा रेडिएटरच्या टाकीतच असतो: बाहेरून पाणी, आतून तेल, मध्ये पातळ धातू. इथे मराठवाड्याची एक सवय गिअरबॉक्सचा जीव घेते. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी टाकलं जातं. आपल्याकडचं बोअरवेलचं पाणी क्षाराचं. आत खडा धरतो, धातू गंजतो, एक दिवस मधली भिंत फुटते आणि पाणी तेलात शिरतं. तेल गुलाबी दुधासारखं दिसायला लागतं. क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर डिंकाने चिकटवलेलं असतं. पाणी आणि ग्लायकॉल त्या डिंकाला सोडवतात. असं तेल दिसलं की गाडी सुरू करू नका, टो करून न्या. फक्त तेल बदलून चालवलेला गिअरबॉक्स थोड्याच दिवसांत परत उघडावा लागतो. रेडिएटरमध्ये तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंटच हवं. वाटेत नाइलाजाने साधं पाणी टाकलं असेल तर गावी पोचल्यावर पूर्ण फ्लश करा.

वेगळा कूलर घेताना प्लेटा एकावर एक रचलेला, स्टॅक्ड प्लेट प्रकारचा घ्या. नळी आणि पंखांचा स्वस्त कूलर त्याच आकारात बराच कमी थंड करतो. जागा एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, दोन्हींत बोटभर अंतर, आणि पक्क्या ब्रॅकेटवर. कंडेन्सरच्या जाळीतून घुसवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर कूलर टांगणारे फिटर भेटतात. कच्च्या रस्त्यावर त्या पट्ट्यांनी कंडेन्सर कापला जातो आणि एसीचा गॅस जातो. नळी ऑटोमॅटिकच्या तेलासाठी असलेलीच, आतला व्यास १० मिलिमीटर. इंधनाची किंवा साध्या पाण्याची नळी गरम तेलात फुगते. धातूच्या टोकाला कंगोरा असलाच पाहिजे, त्यावर नळी इंचभर चढवून क्लॅम्प कंगोऱ्याच्या मागे. थर्मोस्टॅटची बायपास (थंड तेलाला कूलर टाळून परत पाठवणारी वाट) घ्यायला विसरू नका. डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंशांत तेल दाट असतं, बायपास नसेल तर ते सतत कूलरमधून फिरून थंडच राहतं, लॉक-अप उशिरा लागतो आणि शिफ्ट जड वाटते. ८० अंशांच्या आसपास उघडणारी बायपास दोन्ही ऋतूंना पुरते.

जोडणीचा क्रम: गिअरबॉक्समधून निघालेलं गरम तेल आधी रेडिएटरच्या कूलरमध्ये, मग नव्या कूलरमध्ये, मग परत. रेडिएटर जुना आणि आतून क्षाराने भरलेला असेल तर त्याची तेलाची वाट पूर्ण बंद करून सगळं काम नव्या कूलरवर द्यावं. तेव्हा आकार मोठा घ्या. कूलर बसवल्यावर त्यात मावणारं जादा तेल भरावं लागतं, हेही अनेकदा राहून जातं.

कापसाच्या हंगामात या कूलरकडे दर आठवड्याला बघा. जिनिंगच्या आवारात उभी राहणारी गाडी असेल तर कापसाचे तंतू पंखांत असे बसतात की समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत लोकर झालेली असते. हवा मागून पुढे मारा, दाब कमी ठेवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा पाण्याचा फवारा पंख वाकवतो.

आता व्हॉल्व्ह बॉडीकडे. किट मागवण्याआधी पाच तपासण्या करून घ्या, आणि फिटर त्या करायला तयार नसेल तर गाडी परत आणा. स्कॅनरवर फॉल्ट कोड आणि शिफ्टच्या वेळची घसरण. टेस्ट पोर्टवर ० ते २० बारचा गेज लावून तेलाचा दाब, आयडलला आणि स्टॉलला (ब्रेक घट्ट दाबून, गिअरमध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटर), मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून. स्टॉल पाच सेकंदांच्या वर नाही, आणि दोन वेळांमध्ये न्यूट्रलला किमान दोन मिनिटं. तेलाचा वास. चेंबर (खालचं तेलाचं पातेलं) खोलून आतलं चुंबक. आणि चेंबरच्या तळाचा गाळ. चुंबकावर राखाडी मऊ लेप असणं स्वाभाविक आहे. धातूचे टोचणारे कण, पितळी चमक किंवा काळे पापुद्रे दिसले तर प्लेटा, बुश किंवा बेअरिंग गेलेलं आहे. मग कोणतंही किट वाया जाणार. गिअरबॉक्स उतरवूनच काम करावं लागेल. जळलेल्या प्लेटांना जास्त दाब दिला की त्या आणखी लवकर संपतात.

तपासणी पार पडली तर कामाचा दिवस असा असतो. गाडीचा खालचा भाग आदल्या दिवशी धुऊन कोरडा. आपल्याकडची काळी माती सुकली की पीठ होते आणि उघड्या व्हॉल्व्ह बॉडीवर पडते. तेल कोमट असताना काढा आणि मापाच्या भांड्यात मोजा, तितकंच परत जाणार आहे. चेंबर, फिल्टर, मग सोलेनॉइडचे सॉकेट. उष्णतेने सॉकेटच्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, हलक्या हाताने. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात; पुठ्ठ्यावर व्हॉल्व्ह बॉडीचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट उथळ भोकात गेला की केसिंग फुटतं, आखूड बोल्ट खोल भोकात गेला की दोन आटे धरून निसटतो. खाली उतरवताना ॲक्युम्युलेटरचे पिस्टन आणि स्प्रिंगा सुटून येतात, दुसऱ्या माणसाने हात धरावा.

टेबलावर आधी सोलेनॉइड मोजा. टोयोटाच्या चालू-बंद प्रकारच्या सोलेनॉइडचा रोध २० अंशांना ११ ते १५ ओहम, दाब नियमनाच्या लिनियर सोलेनॉइडचा साधारण ५ ते ५.६ ओहम येतो. रोध बरोबर येऊनही आतून चिकटलेला सोलेनॉइड असू शकतो, म्हणून बारा व्होल्ट देऊन टकटक ऐका, पण लिनियरला थेट बारा व्होल्ट नको. मध्ये बल्ब लावा. मग प्रत्येक बोअरची व्हॅक्यूम टेस्ट, म्हणजे हवा ओढून गळती बघणं. नीट कॅलिब्रेट केलेल्या यंत्रावर पाऱ्याचे १८ इंच तरी धरायला हवेत. कमी धरणारा बोअर तोच दुरुस्त करायचा. सगळेच रीमरने फोडत बसण्यात शहाणपण नाही, कारण रीमिंगमध्ये ॲनोडाइझचा थर जातो.

स्वच्छतेबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. वर्कशॉपमधली दोऱ्यांची चिंधी, जिला सगळे कॉटन वेस्ट म्हणतात, ती या टेबलाजवळ आणू नका. एक सुताचा धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला की गाडी एका गिअरमध्ये अडकते आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. धागे न सोडणारं कापड, ब्रेक क्लीनर आणि कोरडी हवा, बस. रॉकेलने धुतलेले भाग तसेच बसवू नका. चेक बॉल (तेलाची वाट उघडबंद करणाऱ्या छोट्या गोळ्या) जागेवर धरायला पेट्रोलियम जेली वापरा. ग्रीस तेलात विरघळत नाही आणि बारीक भोकं बुजवतं. बोल्ट ६ मिलिमीटरचे, टॉर्क १० न्यूटन-मीटरच्या आसपास, मधून बाहेर गोलाकार क्रमाने, दोन टप्प्यांत. हाताच्या अंदाजाने पिळलेली व्हॉल्व्ह बॉडी किंचित वाकते आणि नवा व्हॉल्व्ह नव्या बोअरमध्ये अडकतो. टॉर्क पाना नसलेल्या ठिकाणी हे काम देऊच नका.

तेल कोणतं? टोयोटाला एटीएफ डब्ल्यूएस. व्ही-क्रॉसला तिच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. "सगळ्या ऑटोमॅटिकला चालणारं" तेल घेऊन क्लचचं घर्षण बिघडवू नका. चेंबरमधून एका वेळी सगळं तेल निघत नाही. कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये बरंच राहतं. १० लिटरपैकी ४ निघतात असं धरलं तर एका वेळेत ४० टक्के नवं होतं, दुसऱ्यांदा काढून भरल्यावर ६४, तिसऱ्यांदा ७८. प्रत्येक वेळी मध्ये थोडी गाडी चालवायची. आपल्या उन्हात आणि ओझ्यात ४० ते ६० हजार किलोमीटरला हे करावं. तेल आयुष्यभर टिकतं या बोलण्यावर विसंबू नये.

आणि आता ती चूक, जी उन्हाळ्यात सर्रास होते. या गिअरबॉक्सला मोजपट्टी नसते. इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट, तेल ४० अंशांच्या आसपास असताना खालचा ओव्हरफ्लो बोल्ट काढायचा आणि धार बारीक थेंबांवर आली की बंद करायचा. नेमका पट्टा मॅन्युअलमध्ये असतो. मे महिन्यात दुपारी दोनला शेडमध्ये उभ्या गाडीचं तेल सुरू करण्याआधीच ४२ अंशांवर असतं! तिथून इंजिन सुरू करून माप घेतलं की तेल फुगलेलं असतं, जादा वाहून जातं, आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्स उपाशी राहतो. ४० ऐवजी ८० अंशांना माप घेतलं तर १० लिटरमागे सुमारे ३०० मिली तेल कमी भरलं जातं. मग चढावर किंवा वळणावर पंप हवा ओढतो, कुईं असा आवाज येतो आणि गिअर घसरतो. नवं किट बसवून लगेच हे झालं की दोष किटवर जातो. उन्हाळ्यात माप पहाटे घ्या, रात्रभर उभ्या गाडीवर, आणि डोंगलवर तापमान बघत. उलट जास्त भरलं तर फिरते भाग तेल घुसळून फेस करतात आणि लक्षणं तीच दिसतात.

माप झाल्यावर स्कॅनरने जुनं ॲडॅप्टेशन पुसा. काही गिअरबॉक्सच्या अंगावर कोडची पट्टी असते. व्हॉल्व्ह बॉडी किंवा सोलेनॉइड बदलले की तो कोड संगणकात नव्याने भरावा लागतो. नंतर तेल ७० ते ८० अंशांवर आणून पाय पाव भागापर्यंतच दाबत सगळे गिअर क्रमाने, हळू थांबत, आठ-दहा वेळा. ब्रेक दाबून न्यूट्रल ते डी आणि न्यूट्रल ते आर, प्रत्येकी तीन-चार सेकंद. पहिले दोनशे किलोमीटर माल नको. हे न करता थेट घाटात घातलेली गाडी चुकीचंच शिकते.

नीट झालेल्या कामानंतर काय बदल दिसतो? थंड तेलात आणि गरम तेलात शिफ्ट सारखी होते, हा सगळ्यात खात्रीचा बदल. काटा उडत नाही. साठ-ऐंशीची थरथर जाते, लॉक-अप लवकर लागतो आणि घाटात तापमान खाली राहतं. सीटवर धक्का बसणं हे यशाचं लक्षण धरू नका. हलक्या पायावर पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये दणका, किंवा सिग्नलला थांबताना मागून धडक बसल्यासारखं वाटणं हा दोष आहे. त्यात प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे), गिअरबॉक्सचं माउंटिंग आणि मागचा क्राऊन-पिनियन मार खातात. क्रॉस आधीच ढिले असतील तर ते कामाच्या वेळीच बदलून घ्या, नाहीतर त्यांचा खडखडाट गिअरबॉक्सच्या नावावर जाईल.

दाब वाढवणाऱ्या डब्याबद्दल थोडक्यात. टोयोटाच्या रचनेत दाबाच्या लिनियर सोलेनॉइडला प्रवाह कमी मिळाला की तेलाचा दाब वाढतो, आणि सॉकेट काढूनच टाकला तर दाब कमाल होतो. हे डबे याचाच फायदा घेऊन संगणकाला फसवतात. म्हणजे गाडी रिकामी असो की भरलेली, पंप पूर्ण ताकदीने राबतो, तेल तापतं, सील फुटतात, आणि संगणकाला खरा दाब किती हे कळेनासं होतं. काही फिटर डब्याऐवजी साधा रेझिस्टर जोडतात, परिणाम तोच.

काम कुठे द्यावं? छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीत अचूक मशीनिंग करणाऱ्यांची कमतरता नाही, पण व्हॉल्व्ह बॉडीचं रीमिंग त्या बोअरच्याच जिगवर व्हायला हवं. चांगल्या लेथवरही मोकळ्या हाताने ते जमत नाही. जिग आणि व्हॅक्यूम यंत्र प्रत्यक्ष बघूनच व्हॉल्व्ह बॉडी हाती द्या. नांदेड, लातूर, परभणीहून ती पुण्या-मुंबईला पाठवायची असेल तर तेल लावून, हवाबंद पिशवीत, कडक पेटीत पाठवा. गाडी मात्र तेवढे दिवस जागेवर राहील हे धरून चाला. बिलात पाच ओळी वेगळ्या मागा: भाग, मजुरी, तेलाचे लिटर, व्हॅक्यूमचे आधीचे-नंतरचे आकडे, आणि बसवलेल्या सोलेनॉइडचे नंबर. गाडी वॉरंटीत असेल तर व्हॉल्व्ह बॉडीला हातच लावू नका. ढिल्या शिफ्टची तक्रार लेखी द्या, तापमानाच्या नोंदी जोडा.

पावसाळ्यासाठी एक स्वस्त भर याच कामात करून घ्या. गिअरबॉक्सच्या वर श्वास घ्यायची बारीक नळी असते, ब्रीदर. काळ्या मातीच्या चिखलाने ती बुजली की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. उलट गरम गिअरबॉक्स नाल्याच्या पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि तोच ब्रीदर पाणी ओढतो. नळी वाढवून बोनेटच्या वरच्या कोपऱ्यात न्या, टोकाला लहान फिल्टर लावा. चिखलात रुतलेली गाडी डी-आर, डी-आर करून हलवत बसू नका. चाक फिरत असताना दिशा बदलली की एका मिनिटात तेल वीस-तीस अंशांनी चढतं. फावडं आणि फळी घ्या.

पहिल्या १,००० किलोमीटरनंतर पहाटे पुन्हा तेलाचं माप घ्या, कूलरच्या चारही जोडांवर कागद फिरवून ओल बघा आणि चेंबर एकदा उतरवा. कामानंतरचा पहिला गाळ हाच काय तो पुरावा असतो. चुंबकावरचा लेप बोटाला मऊ लागला तर पुसून, नवं गॅस्केट घालून बंद करा. कण टोचला तर तो कागदाच्या पुडीत घेऊन, गाडी न चालवता, काम केलेल्या फिटरला तिथेच बोलवा.